मराठवाड्यातील भारतीय जनता पक्ष : विरोधी बाकांवरील काळ (१९९९–२०१४)

शिवसेना-भाजप युतीचे सरकार १९९९ मध्ये पायउतार झाल्यापासून २०१४ पर्यंतची पंधरा वर्षे भारतीय जनता पक्ष महाराष्ट्रात विरोधात होता. मराठवाड्यापुरता हा काळ बराचसा गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) यांच्या राजकारणाचा इतिहास आहे. पक्षाचा चेहरामोहरा बदलण्याचे प्रयत्न आणि नेतृत्वावरून झालेली ओढाताण या दोन्ही गोष्टी इथे एकाच घराभोवती फिरत राहिल्या. दोन्ही वेगळ्या काढून सांगता येत नाहीत.

पार्श्वभूमी : जनसंघाच्या काळापासून पक्षावर ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ असा शिक्का होता. काँग्रेसचे वाडे आणि शेतकरी कामगार पक्षाचे जुने गड असलेल्या मराठवाड्यात तो जास्तच जड जाई. तो पुसण्यासाठी पक्षाचे संघटक वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर आणि वंजारी या समाजांची मोट बांधण्याचा विचार मांडला. पुढे तो ‘माधव’ या नावाने ओळखला गेला. परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे वंजारी शेतकरी कुटुंबातले मुंडे आणि अंबाजोगाईत वाढलेले ब्राह्मण मास्तर-पत्रकार प्रमोद महाजन ही जोडी याच घडणीतून पुढे आली. दोघांची मैत्री अंबाजोगाईतली. महाजनांच्या बहिणीशी मुंड्यांचे लग्न झाले आणि मैत्रीचे सोयरिकीत रूपांतर झाले. आधुनिकीकरण म्हटले की संगणक आणि दूरध्वनी आठवतात, पण मराठवाड्यात पक्ष खऱ्या अर्थाने बदलला तो या सामाजिक जुळणीने. बाकीचे नंतरचे.

या जुळणीचे रूप पाहायचे तर दसऱ्याला वंजारी समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या भगवानगडावर जावे लागे. गळीत हंगाम तोंडावर आलेला असे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागण्याच्या बेतात असत. निघण्याआधी गडावर दर्शन आणि मुंड्यांचे भाषण, असा क्रम ठरून गेला होता. हेच मुंडे पुढे तोडणीच्या दरासाठी कारखानदारांशी बोलणी करायला बसत. पक्षाच्या कुठल्याही शिबिरापेक्षा हा मेळावा मोठा होता आणि तो पक्षाचा म्हणून भरतही नव्हता. पक्षसंघटनेची पुढची अडचण इथेच होती. गर्दी नेत्याची होती आणि पक्ष त्या गर्दीच्या आधाराने उभा होता.

सत्ता गेल्यावर : मुंडे १९९१ ते १९९५ विधानसभेत विरोधी पक्षनेते होते आणि त्यानंतर उपमुख्यमंत्री. १९९९ च्या निवडणुकीत मात्र शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा मिळाल्या, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपद सेनेकडे, नारायण राणे यांच्याकडे गेले. समोर मुख्यमंत्रिपदी बसले ते लातूरचे विलासराव देशमुख. मुंड्यांच्या मतदारसंघाचे रेणापूर गाव लातूर जिल्ह्यातलेच, शिवाय दोघांची दोस्ती सर्वश्रुत. २००८ मध्ये देशमुखांच्या जागी आले तेही नांदेडचे अशोक चव्हाण. सत्ता मराठवाड्याकडे असताना मराठवाड्यातला विरोधक मोठा करणे ही तशी अवघड कामगिरी.

दुसरा अडसर जागावाटपाचा. युतीत विधानसभेच्या जास्त जागा सेनेच्या वाट्याला जात. जिथे पक्ष लढतच नाही तिथे कार्यकर्ता कशाच्या भरवशावर थांबणार? २००९ मध्ये मराठवाड्यातल्या ४६ पैकी केवळ परळी आणि उदगीर या दोन जागा भाजपला मिळाल्या. राज्यात मात्र पक्ष सेनेच्या दोन जागा पुढे गेला, ४६ विरुद्ध ४४, आणि विरोधी पक्षनेतेपद अखेर भाजपकडे आले. तोवर मुंडे बीडमधून लोकसभेवर गेलेले. पद एकनाथ खडसे यांना मिळाले.

तंत्र आणि माणसे : प्रचाराचे नवे तंत्र दिल्लीतून आले आणि त्यामागचे डोके अंबाजोगाईचे होते. २००४ च्या लोकसभा प्रचारात अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज मतदारांच्या दूरध्वनीवर ऐकवण्यात आला. त्या मोहिमेची सूत्रे महाजनांकडे होती. देशात पक्ष हरला, पण लातूरमध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांनी काँग्रेसचे शिवराज पाटील चाकूरकर यांना पाडले. त्या निकालात दूरध्वनीपेक्षा निलंगेकर घराण्याच्या नावाचा वाटा मोठा असावा. ३ मे २००६ रोजी महाजनांचा मृत्यू झाला आणि मुंड्यांचा दिल्लीतला आधार गेला.

नेतृत्वाचा वाद : यानंतरचा संघर्ष वरवर पाहता नेमणुकांचा होता. एप्रिल २००८ मध्ये मुंबई अध्यक्षपदी मधू चव्हाण यांची निवड विश्वासात न घेता झाली, म्हणून मुंड्यांनी पक्षाच्या सर्व पदांचा राजीनामा दिला आणि काही दिवसांत तो मागे घेतला. २०११ मध्ये पुणे शहराध्यक्षपदावरून पुन्हा ठिणगी पडली. ते काँग्रेसमध्ये जाणार अशी चर्चा रंगली, दिल्लीत भेटीगाठी झाल्या आणि ते पक्षातच राहिले. २००४ ते २००९ प्रदेशाध्यक्ष आणि डिसेंबर २००९ पासून राष्ट्रीय अध्यक्ष असलेले नागपूरचे नितीन गडकरी हे या वादाचे दुसरे टोक मानले गेले. दोन्ही वेळा वादाचे शहर मराठवाड्याबाहेरचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे. प्रश्न परळीचा नव्हताच. राज्यातल्या नेमणुकांवर शेवटचा शब्द कुणाचा, हा होता.

परळीतला प्रश्न निराळाच निघाला. २००९ मध्ये तिथली उमेदवारी मुंड्यांनी कन्या पंकजा यांना दिली. तोवर मतदारसंघ सांभाळणारे पुतणे धनंजय २०१० मध्ये विधान परिषदेवर गेले, पण नाराजी शमली नाही. परळी नगरपालिकेवरून फाटाफूट झाली आणि त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसची वाट धरली. पक्षाचा कारभार घरातून चालत असला की घरातले भांडणही पक्षाचे होऊन बसते.

अखेरचा टप्पा : २०१४ आधी मुंड्यांनी रामदास आठवले, राजू शेट्टी, महादेव जानकर आणि विनायक मेटे या लहान पक्ष-संघटनांच्या नेत्यांना जोडून महायुती बांधली. ‘माधव’चाच हा रुंदावलेला अवतार होता. लोकसभेला भाजपने बीड, जालना, लातूर जिंकले. काँग्रेसला राज्यात उरलेल्या दोन्ही जागा, नांदेड आणि हिंगोली, मराठवाड्यातल्याच. २६ मे रोजी मुंडे केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले आणि ३ जूनला दिल्लीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. पंकजा यांनी सिंदखेड राजाहून संघर्ष यात्रा काढली. सप्टेंबरमध्ये युती तुटल्याने पक्षाने मराठवाडाभर उमेदवार उभे केले, आणि दोनाच्या पंधरा जागा झाल्या. पंकजा मंत्री झाल्या. त्याच डिसेंबरात विधान परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद धनंजय मुंडे यांच्याकडे गेले.