सेशन रीयूज चालू होतं, तरी पोर्ट संपले

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी देवगडहून काकांचा फोन आला. "साइट खंय गेली रे? गिऱ्हाईक माका विचारतत."

काकांच्या आणि आणखी काही बागायतदारांच्या हापूसच्या पेट्या ज्या साइटवर बुक होतात, ती मी रत्नागिरीत घरी बसून सांभाळतो. पुढे एनजिनएक्स या वेबसर्व्हरचा प्रॉक्सी, म्हणजे ग्राहकांच्या विनंत्या मागे पोचवणारा मध्यस्थ, आणि मागे ऑर्डरचं काम करणारा सर्व्हर, म्हणजे बॅकएंड. बॅकएंड दुसऱ्या डेटासेंटरमध्ये आहे, त्यामुळे मधला प्रवासही टीएलएसनेच, म्हणजे कुलूपबंद होऊनच, होतो. लॉग उघडला तर एरर क्रमांक ९९ च्या ओळीच ओळी, म्हणजे मागितलेला पत्ता देता येत नाही. सीपीयू निवांत होता, मेमरीही निवांत. मी मात्र स्वतःशीच म्हणत होतो, "अरे, पण बॅकएंडकडचं सेशन रीयूज तर चालूच आहे!"

सेशन रीयूज म्हणजे टीएलएसमध्ये एकदा पटलेली ओळख पुढच्या वेळी पुन्हा वापरणं. ते चालू होतंच. एनजिनएक्समध्ये ते मुळातच चालू असतं. माझी चूक अशी की सेशन पुन्हा वापरणं म्हणजेच कनेक्शन पुन्हा वापरणं, असं मी धरून चाललो होतो. नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी कामं वेगळी आहेत. (लॉगिनचं सेशन हा तिसराच गडी. त्याचा इथे काही संबंध नाही.)

जयगडच्या धक्क्यावरून तवसाळला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोट पलीकडे जाऊन आली, माणसं उतरली, तरी ती धक्क्याला लागूनच उभी आहे आणि पुढची माणसं त्याच बोटीत चढताहेत, हा झाला कनेक्शनचा पुनर्वापर, म्हणजे कीपअलाइव्ह. दर खेपेला नवी बोट आणायची, पण तांडेल ओळखीचा म्हणून कागदपत्रं पुन्हा तपासायची नाहीत, हा सेशनचा पुनर्वापर. दुसऱ्या प्रकारात तपासणी वाचते, पण धक्क्यावर बोटीला जागा दर वेळी लागतेच.

आमच्याकडे संपली होती ती ही जागाच.

प्रॉक्सी बॅकएंडकडे नवं कनेक्शन उघडतो तेव्हा त्याला स्वतःच्या बाजूला एक पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेला दरवाजा, लागतो. लिनक्समध्ये या कामासाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढे पोर्ट ठेवलेले असतात, म्हणजे २८,२३२. कनेक्शन जो आधी बंद करतो, त्याच्याकडे ते टाइम-वेट अवस्थेत आणखी ६० सेकंद पडून राहतं. उशिरा पोचलेलं डेटाचं एखादं पाकीट नव्या संवादात घुसू नये, म्हणून ही सोय. आमच्याकडे बहुतेक वेळा प्रॉक्सीच आधी बंद करत होता. २८,२३२ ला ६० ने भागा. एका बॅकएंडच्या एका आयपी-पोर्टकडे (आयपी म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता), प्रॉक्सीच्या एका आयपीवरून, सेकंदाला जेमतेम ४७० नवी कनेक्शनं निघतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण आमच्या एका पानामागे फोटो, भाव, पिनकोड तपासणी धरून तीसेक विनंत्या प्रॉक्सीतून जात होत्या. म्हणजे सेकंदाला सोळा माणसांनी पान उघडलं की खेळ खल्लास.

सेशन रीयूजने यात एकही पोर्ट वाचत नव्हता. मग ते वाचवतं तरी काय? टीएलएसच्या पूर्ण ओळखपरेडमध्ये सर्टिफिकेट पाठवणं, ते तपासणं, सही करणं ही महागडी कामं असतात. आधीचं सेशन हाताशी असेल तर ती टळतात. टीएलएस १.२ मध्ये निरोपांच्या दोन फेऱ्यांऐवजी (फेरी म्हणजे एकदा जाणं-येणं) एकीत भागतं. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये मात्र पूर्ण ओळखपरेडच एका फेरीत होते, त्यामुळे सेशन पुढे चालवून फेरी वाचत नाही, फक्त गणिती श्रम आणि सर्टिफिकेटचा बोजा वाचतो. १.३ मध्ये पहिल्याच पाकिटाबरोबर डेटा धाडायची शून्य-फेरीची सोय आहे खरी. पण तो डेटा कोणी पकडून पुन्हा पाठवू शकतो, म्हणून ऑर्डरच्या कामाला मी ती लावणार नाही. आणि या सगळ्याच्या आधी टीसीपीची, म्हणजे मुळात कनेक्शन जोडण्याची, स्वतःची एक फेरी असतेच. ती चुकवायची तर जुनं कनेक्शनच वापरायला हवं.

त्या रात्री आधी एक पळवाट काढली. टाइम-वेटमधले पोर्ट बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी लवकर वापरू देणारी टीडब्ल्यू-रीयूज सेटिंग चालू केली, आणि साइट श्वास घ्यायला लागली. हिच्याच नावाला नाव जुळणारी टीडब्ल्यू-रिसायकल म्हणून एक सेटिंग होती. जुन्या टिपणांतून ती अजून सापडते. एकाच आयपीमागे बसलेल्या अनेक मोबाइल ग्राहकांची कनेक्शनं ती गुपचूप टाकून द्यायची. लिनक्स ४.१२ पासून ती काढूनच टाकली, ते बरं झालं.

खरा इलाज दुसऱ्या दिवशी केला. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये बॅकएंडचे पत्ते लिहितात त्या अपस्ट्रीमच्या ब्लॉकमध्ये कीपअलाइव्हची ओळ घातली, बॅकएंडशी एचटीटीपी १.१ ने बोलायला सांगितलं आणि विनंतीसोबत जाणारा 'कनेक्शन' हा हेडर रिकामा केला. आमच्या आवृत्तीत या तिन्ही गोष्टी लागत होत्या. एक जरी राहिली तर ओळ लिहिलेली दिसते, आणि कनेक्शनं मात्र पहिल्यासारखीच मरत राहतात. मी आधी हेडर विसरलो होतो. टाइम-वेटचा आकडा हलेना, तेव्हा कुठे लक्षात आलं.

कीपअलाइव्हपुढचा आकडा हाही फसवा. एकूण कनेक्शनांची ती मर्यादा नसते. एनजिनएक्सच्या प्रत्येक वर्करने (काम करणाऱ्या प्रोसेसने) रिकामी कनेक्शनं किती जपून ठेवायची, एवढंच तो सांगतो. सेकंदाला ५०० विनंत्या आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद, असं धरलं तर एका वेळी १०० कनेक्शनं कामात असतात. चार वर्कर आणि प्रत्येकी ३२ म्हणजे १२८, एवढ्यात निभावतं. आठच ठेवली असती तर काम झालेली जास्तीची कनेक्शनं बंद होत राहिली असती आणि पुन्हा तीच रड. अठ्ठावीस हजार पोर्ट पुरत नव्हते, तिथे शे-सव्वाशे कनेक्शनांत तृतीया पार पडली.

दोन्हींचं बिनसणंही सारखं नसतं. जुनं सेशन बॅकएंडने ओळखलं नाही, तर कोणी ओरडत नाही. गुपचूप पूर्ण ओळखपरेड होते आणि काम थोडं सावकाश चालतं. मागे चार मशिनं असतील आणि प्रत्येकाच्या सेशन तिकिटाची (ओळखीच्या चिठ्ठीची) किल्ली वेगळी असेल, तर महिनोन्महिने असंच चालू राहतं, कोणाला पत्ता नसतो. जपून ठेवलेलं कनेक्शन बिनसलं की मात्र थेट ५०२, म्हणजे बॅकएंडकडून नीट उत्तर न आल्याचा एरर, समोर येऊ शकतो. नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) लिहिलेला आमचा बॅकएंड मुळात ५ सेकंद रिकामं गेलं की कनेक्शन मिटतो, एनजिनएक्स ते ६० सेकंद सांभाळतो. प्रॉक्सी त्यावर विनंती घालायला आणि बॅकएंड दार लावायला एकच गाठ पडली, की ग्राहकाच्या पडद्यावर एरर येऊ शकतो. म्हणून बॅकएंडची मुदत प्रॉक्सीपेक्षा जास्त हवी. आम्ही ती ७५ सेकंद केली. अशा वेळी पोस्ट विनंती (ऑर्डरसारखी माहिती पाठवणारी) एनजिनएक्स आपणहून दुसऱ्यांदा पाठवत नाही. सुरुवातीला याचा वैताग यायचा. मग सुचलं, पाठवली असती तर एका पेटीच्या दोन पेट्या काकांनी कोणाच्या गळ्यात मारल्या असत्या?

म्हणून सेशन रीयूज बंद करा असं मी कोणालाच सांगणार नाही. प्रॉक्सी नुकताच पुन्हा सुरू झालाय किंवा एकदम गर्दी उसळलीय, अशा वेळी जपलेली कनेक्शनं नसतात किंवा अपुरी पडतात आणि नवी उघडावीच लागतात. ती स्वस्तात उघडायला हेच उपयोगी पडतं. सीपीयू तापलेला दिसला तर सेशनकडे बघावं. सीपीयू थंड आहे आणि एरर ९९ येतोय, तर सेशनकडे बघण्यात वेळ घालवू नये, टाइम-वेट मोजावेत. कीपअलाइव्ह नीट लावूनही पोर्ट कमी पडले, तर प्रॉक्सीला आणखी एक आयपी द्यावा किंवा बॅकएंडचे पत्ते वाढवावेत, कारण हिशेब दोन्हीकडच्या पत्त्यांच्या जोडीवर चालतो.

काकांना यातलं काही सांगितलं नाही. "धक्क्यार जागा नाय होती," एवढंच म्हटलं, आणि ते त्यांना लगेच पटलं.