जब्दीच्या मुलांची विनंती

बायबलच्या नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रकथनात) आलेला एक प्रसंग (अध्याय १०, वचने ३५–४५). याकोब आणि योहान हे गालीलातील जब्दी नावाच्या मच्छीमाराचे मुलगे, येशूच्या बारा शिष्यांपैकी दोघे. यरुशलेमच्या वाटेवर त्यांनी येशूकडे मागणे मागितले : तुझ्या वैभवात आमच्यापैकी एकाला तुझ्या उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. महत्त्वाकांक्षा, दुःखसहन आणि खरे मोठेपण यांविषयीच्या ख्रिस्ती चिंतनात या प्रसंगाला मध्यवर्ती स्थान आहे.

ही मागणी कधी केली गेली, ते पाहिल्याशिवाय तिचा अर्थ उलगडत नाही. लगेच आधीच्या वचनांत येशूने सांगितले आहे, की लोक आपली थट्टा करतील, आपल्यावर थुंकतील, फटके मारतील आणि जीव घेतील. मार्कमध्ये असे भाकीत तीनदा येते आणि तिन्ही वेळा शिष्य भलतीकडेच जातात. पहिल्यांदा पेत्र येशूलाच दटावतो, दुसऱ्यांदा आपल्यात मोठा कोण यावरून वाद रंगतो, तिसऱ्यांदा ही विनंती. मत्तयच्या शुभवर्तमानात हेच मागणे मुलांची आई करते. मार्कचे कथन अधिक रोखठोक आहे : पुढे ज्यांना ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) प्रेषित म्हणून वंदन केले, त्यांची हाव त्याने झाकलेली नाही.

येशू त्यांना झिडकारत नाही. मी पिणार आहे तो प्याला तुम्हांला पिता येईल काय, एवढेच विचारतो. प्याला म्हणजे वाट्याला येणारे दुःख. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशू स्वतःच हा प्याला दूर कर अशी प्रार्थना करतो. दोघेही ‘पिता येईल’ म्हणून मोकळे होतात. प्याला मिळेल, आसने देणे मात्र माझ्याकडे नाही, असे उत्तर त्यांना मिळते. सोसले म्हणजे गादी मिळते, असा हिशोब येथे नाही. याकोबाला हेरोद अग्रिप्पा पहिला याने इ. स. ४४ च्या सुमारास तलवारीने मारवले. योहान परंपरेनुसार इफिस येथे वृद्धापकाळी वारला. येशूच्या वधस्तंभाच्या उजवीकडे-डावीकडे अखेर दोन लुटारू होते.

इतर दहा शिष्य चिडले, बहुधा त्यांनाही तेच हवे होते. तेव्हा येशूने सर्वांना जवळ बोलावून सांगितले, की परराष्ट्रीयांचे (यहुदी नसलेल्यांचे) सत्ताधीश लोकांवर अंमल गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, ज्याला पहिले व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास. रोमन कायद्यात दास ही मालकाची मालमत्ता होती, म्हणून ऐकणाऱ्यांना हे फार झोंबले असणार. मोठे होण्याची इच्छाच धरू नका, असे मात्र तो म्हणत नाही.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या योहानकृत शुभवर्तमानातील (अध्याय १३) प्रसंगावरून आला असला, तरी त्यामागची शिकवण हीच. कॅथलिक चर्चमध्ये २०१६ पासून या विधीत स्त्रियांचेही पाय धुण्यास अधिकृत मुभा आहे.

या वचनांचा दुरुपयोगही झाला. गुलाम, स्त्रिया आणि दलित यांना ‘सोसा, त्यातच मोठेपण आहे’ असे सांगण्यासाठी ती वापरली गेली. हा अर्थ मूळ प्रसंगाच्या विरुद्ध आहे : येशूचे बोलणे आसने मागणाऱ्यांशी आहे, ज्यांच्यावर सेवा लादली गेली त्यांच्याशी नाही. दलित ईश्वरशास्त्राचे, म्हणजे दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करणाऱ्या प्रवाहाचे, एक प्रवर्तक अरविंद निर्मल यांनी देव स्वतःच सेवक आहे, या बाजूने विचार मांडला. त्यामुळे सेवा करणाऱ्यांचा दर्जाच बदलतो.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे जीवन या शिकवणीजवळचे आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली केडगावच्या आपल्या आश्रमात आणून सांभाळल्या. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्याच्या छपाईचे काम आश्रमातील मुली-बायका करत. १९२२ मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडे आधीपर्यंत त्या याच कामात होत्या.