पुन्हा सिझेरियन: आत काय सापडेल, याच्या अंदाजाचा इतिहास

आधी सिझेरियन झालेल्या बाईचे पोट पुन्हा उघडताना काय सापडेल, हे उघडण्यापूर्वी सांगता येईल का, हा प्रश्न आज सोनोग्राफी आणि आकडेवारी हाताशी घेऊन विचारला जातो. विसाव्या शतकाचा बराचसा काळ मात्र डॉक्टरांना वेगळीच धास्ती होती: जुना व्रण कळांमध्ये फाटेल का?

१८८२ मध्ये जर्मनीत माक्स झेंगर यांनी गर्भाशयाची जखम नीट शिवण्याची पद्धत मांडली. तोवर सिझेरियनमधून बाई वाचणेच कठीण, मग दुसऱ्या वेळेचा विचार कुठला! पुढे बायका वाचू लागल्या. पण छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा घेतला जाई आणि पुढच्या बाळंतपणात तो फाटण्याची भीती खरीच होती. ‘एकदा सिझेरियन, की कायम सिझेरियन’ हे न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांचे १९१६ मधले वाक्य याच छेदाच्या काळातले. पहिले सिझेरियनच जपून करा, असा त्यांचा रोख होता. तो विसरला गेला, वाक्य तेवढे उरले.

१९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण फाटण्याचा धोका पुष्कळ कमी. पण याच भागाला लागून पुढे मूत्राशय असते. छेदासाठी ते खाली सारावे लागते आणि भरून येताना ते कधी कधी व्रणालाच चिकटते. गर्भाशय पोटाच्या भिंतीला चिकटणे, आतडी किंवा त्यांच्यावरचा चरबीचा पडदा मध्ये अडकणे, हेही आलेच. एका धोक्यावरचा उपाय म्हणून आलेल्या छेदाने पुढच्या शस्त्रक्रियेची अडचण अशी दुसरीकडे नेली, आणि ती बरीच वर्षे फारशी कोणी मोजली नाही.

अंदाजाचे पहिले साधन अगदी ढोबळ होते: आधी किती सिझेरियन झाली? १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली असेल तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याची शक्यता, व्रण नसलेल्या गर्भाशयात सुमारे ५ टक्के, तर एका सिझेरियननंतर २४ टक्के असते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ३०,१३२ सिझेरियनच्या अभ्यासात हाच चढ पुन्हा दिसला: वार खाली असलेल्यांत पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४०. या आकड्यांनी तयारीच बदलली. रक्ताच्या पिशव्या, अनुभवी सर्जन, गरज पडल्यास गर्भाशय काढण्याची संमती, हे सगळे आधीच ठरू लागले. मात्र हा अभ्यास कळा सुरू होण्यापूर्वी केलेल्या सिझेरियनचा होता. मध्यरात्री कळा घेऊन आलेल्या बाईला ते आकडे जसेच्या तसे लावणे धाडसाचेच.

दरम्यान सोनोग्राफीचा उपयोग व्रणाकडे वळला होता. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या ६४२ बायकांच्या अभ्यासात, गर्भाशयाचा खालचा भाग ३.५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर फाटण्याची शक्यता फारच कमी, असे आढळले. पातळ असला की फाटेलच, असे मात्र त्यातून निघत नव्हते. धीर देण्यापुरते हे माप चांगले, इशारा देण्यात कच्चे.

चिकटण्याचा अंदाज घेणारी चाचणी प्रसूतिशास्त्रात त्यानंतर रुजली, आणि ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून खोल श्वास घ्यायला सांगायचे. गर्भाशय पोटाच्या भिंतीखाली मोकळे सरकले तर बहुधा ठीक, जागचे हलले नाही तर चिकटलेले असण्याचा संशय. पोटावरचा व्रण खोल रुतलेला किंवा काळपट आहे का, हेही काही अभ्यासकांनी तपासले. पण ‘तीव्र चिकटणे’ कशाला म्हणायचे, हे अभ्यासागणिक बदलते. शिवाय चिकटलेले मूत्राशय सोडवताना त्याला इजा होईल की नाही, हे करणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असते आणि तो हात धोक्याचा अंदाज गुणांत मांडणाऱ्या कुठल्याच गुणांकनात नीट बसत नाही. मागच्या वेळी आत काय दिसले याची स्वच्छ नोंद हाताशी असेल, तर माझ्या मते ती बऱ्याच गुणांकनांपेक्षा उपयोगी. पण दुसऱ्या बाळंतपणाला बाई बऱ्याचदा दुसऱ्याच रुग्णालयात जाते आणि तो कागद जुन्या फायलीतच राहतो.