राष्ट्रीय ग्रंथालयांतील डिजिटल जतन
देशात प्रसिद्ध होणारे साहित्य गोळा करणे, ते टिकवणे आणि वाचकांपर्यंत पोहोचवणे ही राष्ट्रीय ग्रंथालयाची पूर्वापार जबाबदारी. डिजिटल काळात तिच्या दोन बाजू झाल्या आहेत : कागदावरच्या संग्रहाच्या डिजिटल प्रती करणे, आणि संकेतस्थळे, ई-पुस्तके, ई-नियतकालिके यांसारखे जन्मतःच डिजिटल असलेले साहित्य सांभाळणे. पहिल्या बाजूचा बोलबाला अधिक होतो, कारण स्कॅन केलेली हस्तलिखिते पडद्यावर दिसतात. अवघड आहे ती दुसरी. कपाटातले पुस्तक पन्नास वर्षे कोणी उघडले नाही तरी ते बहुधा वाचता येते. फाइलीकडे तेवढा काळ दुर्लक्ष झाले, तर ती ठेवलेले साधन, ती उघडणारे सॉफ्टवेअर किंवा तिची माहिती असलेला माणूस, यांपैकी काहीतरी हरवलेले असते.

संकलनाला आधार आहे तो प्रकाशकाने ग्रंथालयाला प्रत देण्याच्या कायदेशीर बंधनाचा. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३७ मध्ये फर्मान काढून ते घातले आणि पुढे अनेक देशांनी ते स्वीकारले. भारतात असा कायदा १९५४ मध्ये झाला. तो छापील पुस्तके डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. डिजिटल प्रकाशने या बंधनाखाली यायला बऱ्याच देशांत उशीर लागला. फ्रान्सने २००६ मध्ये, ब्रिटनने २०१३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये कायद्याची कक्षा वाढवली. काही ग्रंथालये मात्र कायद्यासाठी थांबली नाहीत. स्वीडन आणि ऑस्ट्रेलिया येथील राष्ट्रीय ग्रंथालयांनी १९९६ मध्येच संकेतस्थळे साठवायला सुरुवात केली होती. त्या काळातली जी पाने आज पाहता येतात, त्यांतली कितीतरी अशा दूरदृष्टीमुळेच उरली आहेत.

संकेतस्थळे गोळा करणारा प्रोग्राम एका पानावरून दुव्यादुव्याने पुढच्या पानांवर जातो आणि मिळेल ते उतरवून घेतो. ‘हेरिट्रिक्स’ हा असा प्रोग्राम संकेतस्थळे जपणारी अमेरिकी संस्था इंटरनेट आर्काइव्ह आणि नॉर्डिक देशांतील राष्ट्रीय ग्रंथालये यांनी मिळून तयार केला. २००३ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पुढाकाराने या क्षेत्रातील संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. उतरवलेली पाने ‘वॉर्क’ नावाच्या प्रमाणित स्वरूपात ठेवतात. तरीही जाळ्यातून बरेच काही निसटते. पासवर्डमागची पाने, वाचकागणिक बदलणारा मजकूर आणि समाजमाध्यमे हाती लागणे कठीण असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये ट्विटरवरील सर्व सार्वजनिक संदेश साठवायचे ठरवले होते. २०१७ अखेर तिने तो बेत आवरता घेतला आणि निवडक संदेशच ठेवण्याचे धोरण जाहीर केले. सगळेच जपता येत नाही, निवड करावीच लागते, हे एवढ्या मोठ्या संस्थेने उघडपणे मान्य केले ते बरे झाले.

छापील संग्रहाचे डिजिटायझेशन हे कॅमेऱ्याआधी हातांचे काम आहे. जुन्या बांधणीचे पुस्तक पूर्ण उघडले तर कणा तुटतो, म्हणून ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या आधारावर अर्धवट उघडून ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सर्रास वापरात आला. तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यामुळे अशा कागदावर छापलेल्या वृत्तपत्रांना बऱ्याच ठिकाणी अग्रक्रम मिळाला. प्रतिमा घेतल्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राने तिच्यातील मजकूर शोधण्याजोगा करतात. पुसट छपाई, जर्मन फ्राक्टुरसारखे जुने टंक किंवा देवनागरीतील जोडाक्षरे आली की यंत्र चुकते. यावर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने वाचकांनाच मदतीला बोलावले. त्याच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर सामान्य वाचकांनी जुन्या वृत्तपत्रांच्या कोट्यवधी ओळी स्वेच्छेने दुरुस्त केल्या आहेत. ग्रंथालय आणि समाज यांच्या नात्याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

एवढे करून फाइल तयार झाली की जतन सुरू होते. प्रत्येक फाइलीवरून एक लांबलचक आकडा काढून ठेवतात आणि ठरावीक काळाने तो पुन्हा काढून पडताळतात. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी आकडा जुळत नाही आणि दुसऱ्या ठिकाणची शाबूत प्रत आणावी लागते. म्हणून प्रती एकाहून अधिक आणि एकमेकींपासून दूर असाव्या लागतात. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे सुरक्षित भांडार मू-इ-राना येथे डोंगराच्या पोटात आहे. स्वरूप कालबाह्य होऊ लागले तर फाइल नव्या स्वरूपात नेतात किंवा जुन्या संगणकाचे वागणे नव्या संगणकावर हुबेहूब उभे करतात. पहिल्या वाटेने मूळ रूपात थोडा फरक पडतो, दुसरी खर्चिक आहे. या साऱ्या व्यवस्थेचा सर्वमान्य आराखडा आयएसओ १४७२१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

विद्वत्तापूर्ण नियतकालिके ऑनलाइन झाल्यावर वेगळाच पेच उभा राहिला. ग्रंथालये अंक विकत घेईनाशी झाली; त्यांना वर्गणीपुरता प्रवेश मिळू लागला. प्रकाशक बुडाला तर अंक कोणाकडे? नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००२ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेशी कायमस्वरूपी जतनाचा करार करून या प्रश्नाला हात घातला.

प्रती असणे पुरेसे नसते, हे ब्रिटिश लायब्ररीवरील सायबर हल्ल्याने दाखवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रायसिडा’ या टोळीने तिच्या यंत्रणा बंद पाडल्या. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. मुख्य ग्रंथतालिका जानेवारी २०२४ मध्ये केवळ शोधापुरती पुन्हा उपलब्ध झाली, बाकी सेवांना आणखी वेळ लागला. डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या, पण त्या परत बसवायला योग्य यंत्रणा शिल्लक नव्हती. मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच्या उणिवांसह सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. जगभरातील ग्रंथालयांना तो उपयोगी पडला आहे आणि प्रत्येक ग्रंथालय-प्रशासकाने तो वाचायला हवा.

जपलेले वाचकाला किती मिळते, हे बहुतांशी प्रताधिकार ठरवतो. फ्रान्सचे ‘गॅलिका’ हे १९९७ पासूनचे संकेतस्थळ प्रताधिकारमुक्त साहित्य जगभर खुले ठेवते. ब्रिटनमध्ये मात्र कायद्याने जमा झालेले ई-पुस्तक सर्वसाधारणपणे ग्रंथालयाच्या आवारातच पाहता येते आणि एका ग्रंथालयात एका वेळी एकाच वाचकाला. प्रकाशकांच्या उत्पन्नाची काळजी समजण्यासारखी आहे, पण दुसऱ्या गावातल्या वाचकासाठी असे पुस्तक जवळजवळ नसल्यासारखेच. नॉर्वेने अधिक उदार मार्ग काढला. हक्कधारकांच्या संघटनेशी सामूहिक करार करून, तिला मोबदला देऊन, विसाव्या शतकातील पुस्तके देशातील वाचकांना घरबसल्या खुली केली. इतर देशांनी अनुकरण करावे असे हे प्रारूप आहे.

विखुरलेले संग्रह एकत्र पाहता येणे हा डिजिटल वितरणाचा मोठा लाभ. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सायनाइटिकस’ या बायबलच्या हस्तलिखिताची पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईचा मठ अशा चार ठिकाणी आहेत. २००९ पासून ती ऑनलाइन सलग पाहता येतात. ‘ट्रिपल-आय-एफ’ या मानकामुळे निरनिराळ्या ग्रंथालयांतील प्रतिमा एकाच पडद्यावर शेजारी ठेवून ताडता येतात. मात्र मूळ वस्तू कोणाची, हा वाद अशा एकत्रीकरणाने मिटत नाही. प्रतिमा मिळाली म्हणून मूळ वस्तूवरचा हक्क सोडावा, असे कोणी कोणाला सांगू नये.

अलीकडे हे संग्रह यंत्रेही वाचू लागली आहेत. नॉर्वे आणि स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपल्या संग्रहांवरून आपापल्या भाषांची भाषिक मॉडेले, म्हणजे मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकीय प्रणाली, स्वतः घडवून खुली केली आहेत. कमी लोक बोलतात अशा भाषांसाठी इतका मोठा, विश्वासार्ह मजकूर अन्यत्र मिळणे दुर्मीळ असते. लेखकांची संमती, त्यांचा मोबदला आणि खासगी कंपन्यांना हे संग्रह वापरू द्यावेत की नाही, यांविषयीचे नियम देशोदेशी अजून ठरत आहेत.