स्टेनलेस स्टीलवरची न दिसणारी साय

सिंकच्या कडेला किंवा फ्रीजच्या दारावर एक दिवस बारीक तपकिरी ठिपके दिसतात आणि मन खट्टू होतं. गंजणार नाही म्हणून तर हे स्टील घेतलं होतं! माल हलका मिळाला असावा, अशी शंका आधी येते. पण बऱ्याचदा माल चांगलाच असतो. चूक झालेली असते ती आपल्या साफसफाईत.

स्टेनलेस स्टील हे मुळात लोखंडच. त्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं, आणि सगळी करामत या क्रोमियमची. हवेतला ऑक्सिजन लागताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. क्रोमियमचा थर मात्र दाट आणि घट्ट चिकटून बसणारा. जाडी म्हणाल तर अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. त्यामुळे तो दिसत नाही. आपल्याला दिसते ती त्याच्या आरपारची धातूची चमक. मी त्याला साय म्हणतो, कारण त्याची वागणूकही सायीसारखीच आहे. ओरखडा पडून तो फाटला, तरी हवा लागली की पुन्हा धरतो.

हे गवसलं ते बंदुकीच्या नळ्यांमुळे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली हे धातुतज्ज्ञ लवकर न झिजणारं पोलाद शोधत होते. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासायचा तर आधी तो आम्लाने किंचित खाऊ द्यावा लागतो, आणि हे पोलाद आम्लाला दाद देईना. त्यांनी लिंबाचा रस, व्हिनेगर असे स्वयंपाकघरातले पदार्थही लावून पाहिले. याचे सुरी-काटे उत्तम होतील हे त्यांनी ओळखलं. त्यांनी त्याला ‘न गंजणारं’ म्हटलं होतं. ‘स्टेनलेस’ हे नाव सुचवलं सुऱ्यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी, तेही व्हिनेगरने डाग पडत नाही हे पाहून.

आज भांडी आणि सिंक यांसाठी बहुधा ‘३०४’ जातीचं स्टील वापरतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. उपकरणांच्या दर्शनी पत्र्यांसाठी बऱ्याचदा ‘४३०’ असतं. त्यात निकेल जवळजवळ नसतं आणि त्याला चुंबक चिकटतं. चुंबक चिकटलं म्हणजे स्टील नकली, हा समज सोडून द्यावा.

आता या सायीच्या शत्रूकडे वळू. तो आहे क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचा विद्युतभारित कण (अशा कणाला आयन म्हणतात). मिठात तो असतो, घामात असतो, कित्येक टॉयलेट क्लीनरमधल्या हायड्रोक्लोरिक आम्लात असतो, आणि ब्लीचमध्येही असतो. क्लोराइडचे आयन सायीतली एखादी कमकुवत जागा गाठून तिथे बारीक छिद्र पाडतात. आतलं लोखंड विरघळू लागतं. तिथलं पाणी त्यामुळे आम्लधर्मी होतं, आणि विद्युतभाराचा तोल राखायला बाहेरचे आणखी क्लोराइड आयन आत ओढले जातात. त्यात छिद्राच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून साय पुन्हा धरत नाही. एकदा सुरू झालं की छिद्र स्वतःच स्वतःला खोल करत जातं. वरून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, आत पोकळी मोठी असू शकते. हे नुकसान कुठल्याही पॉलिशने भरून येत नाही, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

थंड पाण्यात मीठ टाकून भांडं तसंच ठेवलं की तळाला पांढुरके खळगे पडतात, ते यामुळेच. न विरघळलेल्या खड्यांभोवती खारटपणा तीव्र असतो. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळलं की हा प्रश्न बहुतेक मिटतो. ब्लीच स्टीलपासून दूरच ठेवावं. आणि व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सुरुवातीच्या तपकिरी ठिपक्यांना आणखी एक कारण असतं. साध्या पोलादाच्या तारेच्या घासणीचे सूक्ष्म कण घासताना पृष्ठभागावर अडकतात आणि ओल मिळाली की गंजतात. गंज घासणीचा आणि बदनामी फ्रीजची! असा वरवरचा गंज लिंबाच्या रसाने किंवा सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतो. नंतर तो भाग साध्या पाण्याने धुवावा. कारखान्यांतही स्टीलवरचे असे लोहकण काढायला सायट्रिक आम्ल वापरतात.

रोजच्या सफाईला कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड एवढं पुरतं. बोटांचे ठसे हे त्वचेच्या तेलाचे असतात, नुसत्या पाण्याने ते फक्त पसरतात. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून ठसा सुटून येतो. दारावर निरखून पाहिलं तर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतील. पुसायचं ते त्या रेघांच्या दिशेने. आडवं घासलं तर मळ रेघांत बसतो, आणि चुकून ओरखडा उठलाच तर लांबूनही डोळ्यांत खुपतो. काही दारांवर ठसे न उमटणारा पारदर्शक लेप असतो; तिथे पावडर, आम्ल, खरबरीत घासणी यांतलं काहीच नको.

पाण्याचे पांढरे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. पातळ केलेल्या व्हिनेगरने ते विरघळतात, पण लगेच धुवून कोरडं पुसायला हवं. खरं तर प्रत्येक वेळी कोरडं पुसलं तर हे डाग पडतच नाहीत.

बर्नरभोवती किंवा रिकाम्या तापलेल्या भांड्यात सोनेरी, जांभळट, निळे पट्टे उमटतात, ते मात्र मळाचे नव्हेत. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे ऑक्साइडचा थर जाड होऊ लागतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मंदावतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच कारणाने. एरवी कधीच न दिसणारी साय अशा वेळी डोळ्यांना दिसते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने हे पट्टे फिकट होतात. नाही गेले तरी भांडं वापरायला काहीच हरकत नाही.