ट्रिफिडचा निळा न घालवता लाल कसा वाढवायचा

धनु राशीतला ट्रिफिड तेजोमेघ, म्हणजे मेसिएच्या यादीतला एम २०, साध्या कलर फोटोत बघितला तर त्याचे दोन तुकडे लगेच वेगळे कळतात, एक लालगुलाबी ज्याला धुळीच्या काळ्या पट्ट्यांनी चिरलंय आणि त्याला लागूनच दुसरा निळा. आता कॅमेऱ्यासमोर हायड्रोजन अल्फाचा फिल्टर लावून तोच तेजोमेघ परत घ्या. लाल भाग एकदम उठून येतो, कडेच्या बारीक सुरकुत्यासुद्धा दिसायला लागतात, पण निळा भाग जवळजवळ नाहीसा होतो. नॅरोबँड, म्हणजे असा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावून घेतलेला डेटा, आणि कलर डेटा एकत्र करताना नवीन लोकांचे जे घोळ होतात त्यातले बरेचसे हा निळा का गेला हे न कळल्यामुळे होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

तर तो का जातो? लाल भागात मधल्या गरम ताऱ्याचा अतिनील प्रकाश हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो, तो कधीतरी परत एखाद्या अणूत अडकतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो, आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, हाच हायड्रोजन अल्फा, थोडक्यात एच अल्फा. तेवढाच, अगदी ठरलेला. वर्णपटात बघितलं तर ही एक बारीक उभी रेघ असते. निळ्या भागातला वायू असा पेटलेला नाहीये, तिथे धुळीचे कण ताऱ्याचा प्रकाश इकडेतिकडे उधळतायत, निळा जरा जास्त उधळतात म्हणून तो भाग निळा दिसतो, पण त्यात सगळ्या तरंगलांब्या आहेत, सलग. म्हणजे एकाच फोटोत शेजारी शेजारी दोन जातींचा प्रकाश आहे, एक रेषांचा आणि एक सलग, आणि तारे सगळे या सलग वाल्यांमध्ये मोडतात. फिल्टर त्या रेघेभोवतीचा अरुंद पट्टाच आत सोडतो, म्हणून रेष जवळजवळ पूर्ण येते आणि सलग प्रकाशाचा थोडासाच वाटा, निळा जातो तो यामुळे.

हा फरक पहिल्यांदा पकडला विल्यम हगिन्स यांनी, १८६४ मध्ये. मांजराचा डोळा नावाच्या तेजोमेघाकडे त्यांनी स्पेक्ट्रोस्कोप लावला आणि ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसायच्या ऐवजी मोजक्या चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नाही, हा वायू आहे हे तिथल्या तिथे कळलं. त्यातली एक हिरवी रेषा मात्र कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नेब्युलियम असं नवीन मूलद्रव्यच लोकांनी कल्पिलं. शेवटी १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे, फक्त वायू इतका विरळ लागतो की अणूला धक्का न लागता निवांतपणे तो प्रकाश सोडता यावा, आपल्या प्रयोगशाळेतल्या दाट वायूत तशी सवड त्याला मिळत नाही. त्याच ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेला आज आपण ओ थ्री म्हणतो आणि खास तिच्यासाठी फिल्टर घेतो. मला ही गोष्ट फार आवडते, कारण फिल्टरच्या काचेवर लिहिलेल्या त्या दोन अक्षरांमागे त्रेसष्ट वर्षांचं कोडं आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण मिसळण्याचं खरं मर्म आकड्यांतच आहे. साधा लाल फिल्टर साधारण ६०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे १०० नॅनोमीटर रुंदीचा प्रकाश आत सोडतो आणि एच अल्फाचा फिल्टर समजा ७ नॅनोमीटर रुंद आहे. एखाद्या ठिकाणी सलग प्रकाश, म्हणजे आकाशाचा उजेड, तारे, धूळ सगळं धरून, दर नॅनोमीटरला १० एकक आहे आणि तेजोमेघाची रेषा ५० एकक. लाल फिल्टरला मिळतात १००० अधिक ५०, म्हणजे १०५०. एच अल्फाला मिळतात ७० अधिक ५०, म्हणजे १२०. बघा, तेजोमेघाचे ५० दोन्हीकडे तेच आहेत, पण लाल फिल्टरमध्ये ते हजाराच्या उजेडात बुडालेत आणि एच अल्फामध्ये सत्तरच्या शेजारी ताठ उभे आहेत. रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश उजळलेलं असलं तरी नॅरोबँड का चालतं याचं उत्तर एवढंच आहे.

पण याच हिशोबात दुसरी गोष्ट लपलीय जी लोक सोडून देतात. एच अल्फाच्या त्या १२० मध्ये सुद्धा ७० सलग प्रकाशच आहे! म्हणजे आपण ज्याला हायड्रोजनचा फोटो म्हणतो त्यात तारे आणि आकाश पण मिसळलेलंच असतं, आणि तो जसाच्या तसा लाल चॅनलमध्ये, म्हणजे रंगीत फोटोतल्या लाल रंगाच्या थरात, टाकला तर तेजोमेघाबरोबर बाकीच्या गोष्टी पण लाल करून टाकतो. म्हणून आधी वजाबाकी करायची. दोन फोटो आहेत आणि दोन अज्ञात आहेत, शाळेतलंच गणित: एच अल्फाचे १२० गुणिले १००, वजा लालचे १०५० गुणिले ७, भागिले ९३, म्हणजे १२००० वजा ७३५० म्हणजे ४६५०, भागिले ९३, उत्तर बरोबर ५०. शुद्ध हायड्रोजन हातात आला. प्रत्यक्षात एक्सपोजर वेगवेगळे असतात, फिल्टर थोडा कमीजास्त प्रकाश सोडतो, त्यामुळे ७ आणि १०० हे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत, मग लाल फोटोला एका गुणकाने गुणून एच अल्फामधून वजा करतात आणि तो गुणक हलवत राहतात जोपर्यंत बहुतेक तारे मावळत नाहीत. तारे गेले की समजायचं सलग भाग गेला. ताऱ्यांच्या जागी काळे खड्डे पडायला लागले तर वजाबाकी जास्त झाली, थोडं मागे या.

एक अट मात्र कडक आहे, हे सगळं स्ट्रेच करायच्या, म्हणजे मंद भाग दिसावेत म्हणून फोटोचा उजेड ताणायच्या, आधी करायचं. स्ट्रेच केल्यावर पिक्सेलचा आकडा आणि आलेला प्रकाश यांचं सरळ प्रमाण तुटतं आणि मग वजाबाकीला काही अर्थच राहत नाही. त्याच्याही आधी दोन्ही फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवलेले हवेत आणि आकाशाचा एका बाजूने चढत गेलेला उजेड काढलेला हवा, नाहीतर तो उतार हायड्रोजन म्हणून फोटोत घुसतो.

मग बेरीज. शुद्ध एच अल्फा एका प्रमाणात मूळ लाल चॅनलमध्ये मिळवायचा, किती ते डोळ्याने ठरवा. ट्रिफिडवर हे केलं की लाल भाग खुलतो आणि निळा जिथे होता तिथे तसाच राहतो, कारण तिथे आपण मिळवलेला आकडा जवळपास शून्य आहे. उलट ज्यांनी एच अल्फा सरळ ल्युमिनन्स म्हणून वरून लावला त्यांचं काय होतं बघा, ल्युमिनन्स म्हणजे चित्राचा उजेड-अंधार सगळा तोच ठरवतो, एच अल्फात निळ्या भागाला उजेडच नाही, म्हणून तो काळवंडतो, आणि लाल भाग फिकट होऊन त्याला विचित्र साल्मन गुलाबी रंग चढतो. सोपा उपाय वाटतो म्हणून फार जण हा करतात, पण जिथे धुळीचा परावर्तित प्रकाश आहे तिथे मी हा कधीच सुचवणार नाही.

निव्वळ लालमध्ये मिळवल्यावर तेजोमेघ कधी कधी फारच विटकरी दिसतो, त्याचंही कारण आहे. हायड्रोजन एकटी लाल रेषा देत नाही, ४८६.१ नॅनोमीटरवर एच बीटाची निळसर रेषा पण देतो आणि मधे धूळ नसेल तर एच अल्फा तिच्या साधारण २.८६ पट असतो. म्हणजे जिथे जिथे एच अल्फा आहे तिथे तिथे त्याच्या सुमारे एक तृतीयांश निळा पण हवाच. धूळ निळा जास्त खाते म्हणून प्रत्यक्षात तो कमीच पोचतो. त्यामुळे शुद्ध एच अल्फाचा थोडासा हिस्सा, एक दशांशापासून एक पंचमांशापर्यंत, निळ्या चॅनलमध्ये पण घातला तर रंग विटकरीवरून गुलाबीकडे येतो, आणि ही नुसती सजावट नाही, त्याच अणूची दुसरी रेषा आपण परत आणतोय. ओ थ्री मात्र निळा आणि हिरवा या दोघांच्या सीमेवर पडतो म्हणून तो दोन्ही चॅनलमध्ये वाटायचा, फक्त निळ्यात टाकला तर खरा हिरवट निळा रंग मिळत नाही.

दीर्घिकांना तर ही वजाबाकी आणखीनच लागते. देवयानी दीर्घिकेत एच अल्फा तसाच मिळवला तर मधला ताऱ्यांनी गच्च भरलेला पिवळसर भाग लाल होऊन बसतो, आणि वजा करून मिळवला तर फक्त बाहूंवरचे लाल ठिपके, म्हणजे तारे जन्मतायत त्या जागा, उमटतात. याच दीर्घिकेशेजारी हौशी निरीक्षकांनी ओ थ्रीच्या प्रकाशातली एक मोठी कमान शोधली आणि २०२३ च्या जानेवारीत जाहीर केली, त्यासाठी १०० तासांहून जास्त एक्सपोजर जमवलं होतं. आकाशात सगळ्यात जास्त फोटो काढलेल्या वस्तूंपैकी ही दीर्घिका एक, आणि तरी ती कमान तोपर्यंत कुणाच्या नजरेत भरली नव्हती, कारण सलग प्रकाशाच्या ढिगाखालून एका रेषेचा एवढा मंद उजेड कुणी इतका वेळ देऊन वेगळा काढलाच नव्हता.

हबलच्या १९९५ च्या त्या प्रसिद्ध वायुस्तंभांच्या चित्रासारखा सोनेरी-निळा रंग हवा असेल तर तो वेगळा मार्ग आहे, तिथे सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा असे रंग नेमून दिलेले असतात. सल्फर आणि हायड्रोजन दोन्ही खरे लालच, डोळ्याला वेगळे कळणार नाहीत, म्हणून ही युक्ती उपयोगी आहे. पण त्यातले तारे मात्र जांभळट येतात, आणि ते तसेच ठेवलेले मला अजिबात पटत नाही. ताऱ्याचा रंग म्हणजे त्याचं तापमान, तो कलर डेटातच आहे, अगदी अर्धा-पाऊण तास कलर घेतला तरी ताऱ्यांपुरता पुरतो.

म्हणून शेवटचं काम ताऱ्यांचं. नॅरोबँडमध्ये तारे लहान येतात आणि कलरमध्ये मोठे, दोन्ही एकावर एक ठेवले की ताऱ्याभोवती रंगीत कडं दिसतं. त्यापेक्षा स्टारनेट सारखं सॉफ्टवेअर वापरून दोन्हीकडचे तारे आधी काढून टाका, बिनताऱ्यांच्या चित्रात तेजोमेघाचं मिसळणं पूर्ण करा आणि मग फक्त कलरमधले तारे परत बसवा, स्क्रीन पद्धतीने. स्क्रीन म्हणजे पिक्सेलचे आकडे ० ते १ मध्ये धरून दोन्ही आकडे १ मधून वजा करून गुणायचे आणि उत्तर परत १ मधून वजा करायचं, तेजोमेघ ०.५ आणि तारा ०.६ असेल तर ०.५ गुणिले ०.४ म्हणजे ०.२, आणि उत्तर ०.८, साध्या बेरजेने १.१ होऊन तो जळून पांढरा झाला असता.

तारे बसले की मूळ कलर फोटो आणि मिसळलेला फोटो एकाआड एक उघडझाप करून बघा. एम २० चा लाल वाढलेला दिसायला हवा, पण नजर शेजारच्या निळ्यावर ठेवा आणि तो जरासा जरी जांभळ्याकडे झुकला असेल तर परत मागे जाऊन वजाबाकीचा गुणक थोडा वाढवा.