वार्धक्यातील रोगप्रतिकारक्षमता

वय वाढते तसे शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेत होणारे बदल आणि त्या काळात तिला आधार देणारे उपाय. या बदलांना शास्त्रीय परिभाषेत ‘इम्युनोसेनेसन्स’ म्हणतात. उतारवयात प्रतिकारशक्ती सरसकट कमी होते, असा समज आहे. तो अपुरा आहे. लहानपणी झालेल्या गोवरासारख्या रोगांची आठवण सत्तरीनंतरही बहुधा टिकून असते. घटते ती पूर्वी न भेटलेल्या जंतूला ओळखण्याची क्षमता. दुसरीकडे, कारण नसतानाही मंद दाह शरीरभर चालू राहतो. या दुसऱ्या अंगाला इटलीतील क्लाउडिओ फ्रान्चेस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले.

यौवनलोपी ग्रंथीचा प्रश्न : नव्या जंतूंना ओळखणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) छातीच्या मधल्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. जन्मतः तिचे वजन सुमारे १०–१५ ग्रॅ., तर पौगंडावस्थेत ३०–४० ग्रॅ. असते. वयाप्रमाणे तिचे आकारमान बदलते, हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनच्या काळापासून ज्ञात होते. तिचे कार्य मात्र संशोधक झाक मिलर यांनी १९६१ मध्ये लंडनमध्ये नवजात उंदरांमधून ती काढून टाकली, तेव्हा कळले. अशा उंदरांना संसर्गाशी नीट लढता येत नव्हते आणि परके कातडेही त्यांचे शरीर नाकारत नव्हते.

ग्रंथीचा ऱ्हास कधी सुरू होतो, याबद्दल दोन मते आहेत. जुन्या मताप्रमाणे तो यौवनात, लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने सुरू होतो. मराठी संज्ञा याच मतावर बेतलेली दिसते. दुसरे मत स्टाइनमान व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडले. ग्रंथीचे एकूण आकारमान मोजण्याऐवजी त्यांनी पेशी घडवणारा प्रत्यक्ष भाग वेगळा मोजला. ग्रंथीचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास रक्तवाहिन्यांभोवतीची जागा रुंदावत जाऊन तेथे चरबी भरलेली दिसते. बाहेरचा आकार फारसा उतरत नाही, म्हणून पूर्वीच्या वजनांनी अभ्यासकांना चकवले असावे. स्टाइनमान यांच्या मोजणीनुसार कार्यशील भाग पहिल्या वर्षापासूनच घटू लागतो : मध्यम वयापर्यंत दरवर्षी सुमारे ३ टक्के, पुढे १ टक्क्याहून कमी. यौवनातील संप्रेरके या ऱ्हासाला गती देतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आरंभाबद्दल दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर ‘यौवनलोपी’ हा शब्द रूढ म्हणून ठेवावा, व्याख्या म्हणून घेऊ नये.

प्रौढ वयात या ग्रंथीला महत्त्व उरते का, हाही वादाचा मुद्दा आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की उंदरात अजून जंतूशी गाठ न पडलेल्या टी-पेशी आयुष्यभर ग्रंथीतूनच येतात, परंतु प्रौढ माणसात त्या जवळजवळ सर्वस्वी आधीच्या पेशींच्या विभाजनातून टिकवल्या जातात. यावरून ग्रंथी निरुपयोगी ठरते असे काहींना वाटले. बॉस्टन येथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने त्याला छेद दिला. शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्या प्रौढांमध्ये पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ८·१ टक्के, तर तशाच इतर छातीच्या शस्त्रक्रिया झालेल्यांत २·८ टक्के होते. ही पाहणी जुन्या नोंदींवर आधारलेली असल्याने कार्यकारणभाव पक्का म्हणता येत नाही.

नागीण आणि लसी : ढासळलेल्या प्रतिकारक्षमतेचे घरोघरी दिसणारे उदाहरण म्हणजे नागीण. कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींत दडून राहतो. टी-पेशींचा पहारा सैल पडला, की एका चेतेच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. आधी आग होते, मग पाण्याने भरलेले फोड पाठीपासून छातीपर्यंत पट्ट्यासारखे उमटतात. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात अजून ऐकू येते. प्रत्यक्षात चेता शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली असल्याने पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो आणि सहसा विळखा पूर्ण होत नाही. भीती बाळगायची ती फोड सुकल्यावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या वेदनेची. बहात्तर तासांच्या आत विषाणुरोधी गोळ्या सुरू करणे हिताचे असते. लेप-मंत्रात हाच वेळ जातो, हे फार दुःखद आहे. नागिणीवरील पुनःसंयोजित (विषाणूचे प्रथिन प्रयोगशाळेत घडवून केलेली) लस भारतात २०२३ पासून मिळते. दोन मात्रांच्या या लसीची परिणामकारकता चाचण्यांत पन्नाशीपुढील व्यक्तींत ९७ टक्के, सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के आढळली.

ही टक्केवारी अपवादात्मक आहे. उतारवयात बहुतेक लसींना प्रतिसाद कमी मिळतो. म्हणून फ्लूच्या लसीत वृद्धांसाठी चौपट प्रतिजन (प्रतिकार यंत्रणा ओळखते तो जंतूचा अंश) असलेला प्रकार काढण्यात आला. न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूवरील संयुग्मी (जंतूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून केलेल्या) लसीची नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८४,५०० व्यक्तींवर चाचणी झाली. लसीत समाविष्ट असलेल्या जंतुप्रकारांपासून होणारा न्यूमोनिया त्यात सुमारे ४६ टक्क्यांनी घटला.

एक व्यावहारिक बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. वृद्धांत न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. अचानक असंबद्ध बोलणे, जेवण सुटणे, तोल जाऊन पडणे हीच पहिली लक्षणे असू शकतात.

व्यायाम व आहार : ब्रिटनमध्ये २०१८ साली ५५ ते ७९ वयाच्या १२५ जुन्या सायकलपटूंची तपासणी झाली. त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी-पेशी समवयस्क बैठ्या लोकांपेक्षा जास्त होत्या. मुळात सुदृढ असलेलेच सायकल चालवत राहिले असतील, ही शंका उरते. आहारात प्रथिने, जस्त व ब-१२ यांची कमतरता भरून काढल्यास लाभ होतो. कमतरता नसताना अधिक मात्रा घेतल्याने तसा लाभ दिसत नाही.

रसायन आणि गुळवेल : आयुर्वेदात वय टिकवणाऱ्या चिकित्सेला रसायन म्हणतात. चरकसंहितेत ‘वयःस्थापन’ गणात दहा द्रव्ये सांगितली असून त्यात अमृता (गुळवेल), अभया (हिरडा), धात्री (आवळा) व पुनर्नवा येतात. ‘व्याधिक्षमत्व’ या शब्दाचे स्पष्टीकरण चरकसंहितेचे टीकाकार चक्रपाणिदत्तांनी, बहुधा अकराव्या शतकात, दोन अंगांनी केले : झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीला प्रतिबंध. याला आधुनिक प्रतिरक्षाविज्ञानाशी एकरूप मानणे घाईचे होईल.

कोव्हिडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. त्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतदाह नोंदवला. प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तसे त्याचे स्वरूप होते. वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तिच्याच कुळातील, खोडावर ठळक गाठी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल गुळवेल समजून वापरली जाण्याचा संभव असतो. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यामुळे केवळ चुकीच्या ओळखीने सर्व प्रकरणांचा उलगडा होतो, हे मत आता कमकुवत वाटते. यकृताचा किंवा स्वयंप्रतिकाराचा आजार असलेल्या वृद्धांनी काढा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि लघवी गडद पिवळी दिसू लागल्यास तो तत्काळ थांबवावा.